सतरा नंबरचा माणूस

सोलापूर, पूर्वभाग
बुधवार, दुपारचं जेवण झाल्यावर

उस्ताद धोंडिरामअण्णांना त्यांच्या चांदसाबचा हात कपाळाला लावून सलाम, आणि वहिनींना नमस्कार.

फुकटात मिळालेल्या एका वस्तूपायी माझं काय काय गेलं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही सावकाशीनं वाचाल. मागच्या दिवाळीला मागाचे पार्ट पुरवणाऱ्या एका कंपनीनं मला भेट म्हणून टॅब दिला (टॅब म्हणजे पाटीएवढा फोन, खिशात मावत नाही म्हणून काउंटरवर ठेवायचा). पूर्ण फुकट. त्याच्यापायी गेलं ते असं: दुकानातली शांतता, कायमची. समोरच्या नरसय्याशी बोलणं, दोन दिवस. कमरुन्निसाच्या हातची दोन किलो शेंगाचटणी, त्या नरसय्याचा राग उतरवायला. शहाजीच्या घरातलं स्वास्थ्य, तीन आठवडे. आणखी एक गोष्ट गेली, पण ती गेली म्हणायची की सुटली म्हणायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिचं शेवटी बघू.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मोडनिंबला ऊन कसं आहे? आणि कानातलं ते यंत्र चालतं की अजून शिट्ट्या घालतं? (तुमच्या धाकट्याच्या लग्नात हार घालायच्या वेळी ते वाजलं आणि मी सगळ्या मांडवासमोर विचारलं, अण्णा, हे कुठलं स्टेशन लागलं. वहिनी अजून रागात असतील तर माझ्यातर्फे माफी मागा.) फोन न करता पत्र लिहितो त्याचं कारणही तेच. मागच्या वेळी आपण दहा मिनिटं फोनवर बोललो आणि शेवटी लक्षात आलं की तुम्ही बाजरीबद्दल बोलत होता आणि मी मोटारीबद्दल. तुमच्या कानाची ही अवस्था म्हटल्यावर मी ठरवलं, उस्तादांना त्रास द्यायचा नाही, सरळ लिहायचं.

माझा कान म्हणाल तर तुमच्या कृपेनं तसाच आहे. मी मिलमध्ये झाडू मारायला आलो तेव्हा तुम्ही मला डोळे मिटून मागांच्या रांगेत उभं करायचा आणि विचारायचा, सांग, कितव्या मागाचा पिकर झिजला. (चुकलं की टपली, बरोबर आलं की अर्धा चहा.) मिल बंद पडली, सायकलीला हत्यारांची पिशवी अडकवून गल्लीगल्ली हिंडलो, आज मागाच्या पार्टचं स्वतःचं मिल स्टोअर आहे, पाटीवर नाव आहे, ते सगळं त्या कानावर. अजूनही बिघाड सापडला नाही की कारखानदार माणूस पाठवतात, चांदसाबला बोलवा. मी जातो, मान वळवून डावा कान पुढं करतो, डोळे मिटतो, तळहात मागाच्या चौकटीवर ठेवतो आणि सांगतो. बाकीचे माग दुरुस्त करणारे जॉबर म्हणतात, उस्तादाच्या हाताखालचा माणूस, ऐकायची स्टाइलच वेगळी. ह्या गल्लीत माझ्या कानावरून न जाता पान हलत नाही, हे मी गर्वानं नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो.

आता तुमच्या नातीचं. तुमच्या केसरबाईची चैताली जेऊरहून शिकायला सोलापुरात आली तेव्हा तुम्हीच कळवलं होतं की पोरीला काय लागेल ते बघ. मला वाटलं खोली बघायची असेल, गॅस सिलिंडर असेल. ती आली आणि म्हणाली, चाचा, मला तुमची गल्ली अभ्यासायला पाहिजे. तिचं शास्त्र नवीन आहे, वेब सायन्स म्हणतात. तिनं समजावून सांगितलं आणि मी ते आपल्या पद्धतीनं समजून घेतलं. मिलमध्ये कापडात फॉल्ट आला की विणणारा म्हणायचा सूत खराब, सूतवाला म्हणायचा माग खराब, आपण जॉबर म्हणायचो विणणाऱ्याचा हात खराब, आणि रंगवाला तर त्या वेळी चहालाच गेलेला असायचा. चैतालीचं शास्त्र म्हणजे ह्या चौघांना धरून आणून एकाच कापडापुढं उभं करायचं. कॉम्प्युटरवाले, समाजशास्त्रवाले, कायदेवाले, भाषेवाले, सगळे एका खोलीत. कापड म्हणजे इंटरनेट. ते माणसं विणतात, आणि विणता विणता ते माणसांनाच विणून काढतं, ह्या दोन्ही बाजू एकदम बघायच्या. मला हे फार पटलं. विषय आवडला की माणूस सही पटकन करतो, आणि तिथंच घोटाळा झाला.

तिनं शहरातून चाळीस माणसं निवडली होती. ती तीन महिने इंटरनेटवर काय काय शोधतात त्याची यादी त्यांच्या परवानगीनं काढून घ्यायची आणि अभ्यासायची. नावं गुप्त, प्रत्येकाला फक्त नंबर. मला नंबर मिळाला सतरा. फॉर्मवर एक प्रश्न होता, हे यंत्र एकच व्यक्ती वापरते का. मी हो लिहिलं. अण्णा, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? आपल्यात माग एकाच्याच नावावर असतो. समोरच्या कारखान्यात आठ नंबरचा माग शहाजीचा. पाळी बदलली, त्याच्यावर दुसरा माणूस उभा राहिला, तो आजारी पडला म्हणून तिसरा आला, तरी माग शहाजीचाच. टॅब माझा, काउंटर माझा, वायर माझी. मग वापरणारा मीच की.

पण प्रत्यक्षात काय चालतं ते ऐका. समोर नरसय्याचा टॉवेलचा कारखाना. आत फोन न्यायला त्यानं बंदी घातलेली आहे, कारण शहाजी मागावर उभा राहून फोनमध्ये कुस्ती बघत होता आणि धोटा उडून त्याच्या भुवईवर बसला. तेव्हापासून सगळ्यांचे फोन डब्यात, आणि चहाची सुट्टी झाली की सगळे माझ्या काउंटरवर, कारण पडदा मोठा आणि नेट फुकट. बोटांना तेल, टाइप कोण करणार? म्हणून बोलून विचारतात. आणि दिवसभर मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस बोलतो म्हणजे कसा बोलतो हे तुम्हाला मी सांगायला नको. शहाजी कुस्त्या विचारतो. निंगव्वा, कांड्या भरायला अक्कलकोटहून येते ती, कानडी भजनं लावते आणि गुडघ्यावर उपाय विचारते. नरसय्या मालक असला तरी तेलुगू विनोदी सिनेमे बघायला माझ्याकडंच येतो (घरी सूनबाई रिमोट देत नाही), आणि कोणी नाहीसं बघून केस परत येतील का असं विचारतो. कोणी नाहीसं म्हणजे त्याच्या मते. त्याचा आवाज पलीकडच्या चौकातल्या सायकलवाल्यापर्यंत जातो. आणि आमची कमरुन्निसा मागच्या दारानं येऊन बिनओव्हनचा केक विचारते. आणखी चारदोन येणारेजाणारे धरा. अशी नऊ माणसं त्या टॅबवर दिवसभर ओरडतात, आणि टॅब बिचारा समजतो की हे सगळं एकच माणूस विचारतो आहे.

त्यामुळं काय व्हायला लागलं, तर एकाला हवं ते तो दुसऱ्याला दाखवायला लागला. शहाजीनं कुस्ती उघडली की खाली केक. आठवडाभर त्यानं तोंड वाकडं केलं, नवव्या दिवशी कुकरमध्ये रवा, दही घालून केक केला आणि डब्यातून कारखान्यात आणला. कमरुन्निसा कुस्त्या बघायला लागली आणि आता मला सांगते की अमक्या पैलवानानं ढाक लावायला नको होती. नरसय्या सकाळी गल्लीत उभा राहून निंगव्वाच्या गुडघ्याचे व्यायाम करतो. आणि नरसय्यासाठी आलेला कांद्याच्या रसाचा उपाय निंगव्वानं करून पाहिला. तिच्या डोक्यावर पुढच्या बाजूला काळे केस आले आहेत, मी स्वतः पाहिले. नरसय्याच्या डोक्यावर अजून काही नाही. ह्या एका गोष्टीवरून कारखान्यात मालक आणि कामगार असा फरक परत सुरू झाला आहे.

सुरुवातीला त्या टॅबला आपली बोली कळायची नाही. शहाजी विचारायचा, कुस्त्या कुटं हायत, आणि तो गप्प बसायचा. मग शहाजीनं शाळेतली मराठी बाहेर काढली. छाती पुढं काढून म्हणायचा, कृपया मला कुस्तीच्या मैदानाविषयी माहिती द्यावी. त्याचं बघून सगळी गल्ली टॅबशी पुस्तकासारखी बोलायला लागली, आणि ती सवय घरी गेली. शहाजीची बायको शिवबाई एक दिवस दुकानात आली, पदर तोंडाला लावून. म्हणाली, "दादा, ह्यांचं भाईर कुटं काय चाललंय का? काल जेवताना मला म्हटले, कृपया मीठ द्यावे. तीस वर्सांत ह्या माणसानं मला कृपया म्हटलं न्हाय." मी तिला टॅब दाखवला, तरी तिचा विश्वास बसायला तीन आठवडे गेले. दरम्यान टॅबलाही आपली भाषा कळायला लागली होती. आता 'लई' कळतं, 'कुटं' कळतं, शहाजीनं साधं 'व्हय' म्हटलं तरी पुढचं सुरू करतो. पण शहाजी अजून मीठ मागताना कृपया म्हणतो. शिवबाईनं सोडू दिलं नाही.

मागच्या गुरुवारी चैताली आली. चेहरा असा की जणू परीक्षेत पहिली आली आहे. म्हणाली, चाचा, चाळीस माणसांत तुमच्यासारखा माणूस नाही. आणि तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. उत्तरदाता क्रमांक सतरा, पुरुष, वय अठ्ठावन्न. पाच भाषांतून वावर. कुस्ती, पाककला, भक्तिसंगीत आणि सौंदर्यप्रसाधन यांत सारखाच रस. ज्या भिंती समाजात उभ्या दिसतात, त्या या एका व्यक्तीच्या इंटरनेट वापरात पूर्णपणे विरघळलेल्या आढळतात. तिच्या पुण्याच्या मॅडमना हा माणूस इतका आवडला होता की सहा प्रकरणांपैकी दोन प्रकरणं सतरा नंबरवरच उभी होती. सोमवारी विद्यापीठात सगळ्या तज्ज्ञांपुढं वाचायचं, ते पास झालं की प्रबंध सादर. शिष्यवृत्ती येत्या जूनला संपते, वाढीव वर्ष मिळत नाही. केसरबाईनं जेऊरला पेढ्यांची ऑर्डरसुद्धा सांगून ठेवलेली.

मी त्याच क्षणी खरं बोलायला हवं होतं. पण अण्णा, उभ्या आयुष्यात माझ्याबद्दल कोणी असं लिहिलं नव्हतं. मला वाटलं, एक चहा होईपर्यंत तरी हा माणूस होऊन बघावं. तिनं विचारलं, तेलुगू कधी शिकलात? मी म्हटलं, पूर्वभागात राहणाऱ्याला शिकावी लागत नाही. कुस्ती? म्हटलं, तरुणपणी नाद होता. (होता, पण खिशाला कात्री लागू नये म्हणून झाडावरून बघायचा.) आणि केसांचं हो, चाचा? मी टोपी काढली. डोकं भरून केस, पांढरे पण भरून. ती बघत राहिली. मी म्हटलं, लावतो म्हणूनच टिकले की.

केकवर गाडी आली तेव्हा आतून कमरुन्निसा पडदा सारून बाहेर आली. "इनों झूटां बोल रै बेटी," ती म्हणाली. "इनोकू चायमें शक्कर हिलाना बी नै आता, केक कां से करते?"

आणि नेमकी समोर चहाची सुट्टी झाली. शहाजी आला, माझ्याकडं न बघता टॅबवर वाकून ओरडला. त्याच्यामागून निंगव्वा कानडीत ओरडली. मग नरसय्या आला, तेलुगू सिनेमा लावला, इकडंतिकडं बघितलं, आणि त्याच्या मते हळू आवाजात केसांचं विचारलं. पाच मिनिटांत सतरा नंबरचा माणूस चैतालीच्या डोळ्यांदेखत तुकड्यातुकड्यांनी दुकानात येऊन गेला.

तिनं लॅपटॉप मिटला आणि सुताच्या पेटीवर बसली. पोरगी रडली नाही, तुमच्यावर गेली आहे. फक्त म्हणाली, "चाचा, हा माणूस नाहीच मुळी."

"आहे की," मी म्हटलं. "एका सदऱ्यात मावत नाही, एवढंच."

हे मी तिचं मन राखायला बोललो होतो. पण तिनं मान वर केली, मॅडमना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. मॅडम आधी हसायला लागल्या, मग त्यांनी अट घातली. सतरा नंबर ठेवता येईल, उलट एका माणसापेक्षा एक गल्ली जास्त मोलाची. पण यादीतली एकेक ओळ कोणाची ते ठरलं पाहिजे, आणि ज्याची त्याची परवानगीची सही पाहिजे. एक ओळ जरी बिनसहीची राहिली तरी सतरा नंबर पुरा काढून टाकायचा. दुसऱ्याच्या मनातलं त्याला न विचारता छापता येत नाही, असा कायदा आहे म्हणे. चांगला कायदा आहे. आपल्या गल्लीत मात्र पूर्वी कोणी पाळला नव्हता. ओळी चारशे बारा. हातात दिवस चार.

आता इथं तुमच्या शागिर्दानं काय केलं ते ऐका. चैताली एकेक ओळ वाचायची आणि मी डोळे मिटून सांगायचो. वांग्याचं भरीत पण कांदा नको: शहाजी, एकादशीला. पाठीत चमक, उपाय: नरसय्या, त्या दिवशी गठ्ठे उचलले होते. माणूस मेल्यावर त्याचा फोन नंबर कोणाला जातो: निंगव्वा, नवऱ्याच्या वर्षश्राद्धानंतर दोन दिवसांनी, आणि त्या दिवशी तिचा आवाज जरा बसलेला होता. तीन महिन्यांत ह्या काउंटरवर जे जे बोललं गेलं ते सगळं कोणाच्या आवाजात, कोणत्या सुरात, हे माझ्या कानात बसलेलं होतं. चारशे बारापैकी चारशे अकरा ओळी मी कानावरून लावल्या. ती म्हणाली, चाचा, असं यंत्र जगात नाही. मी म्हटलं, यंत्र मोडनिंबला राहतं, मी त्याचा पार्ट.

सह्या घेणं मात्र सोपं गेलं नाही. ओरडताना लाज नव्हती, कागदावर बघितल्यावर प्रत्येकाला आली. नरसय्यानं केसांच्या सव्वीस ओळी बघितल्या आणि म्हणाला, "नादि कादु. माझं नाही हे. शहाजीचं असेल." शहाजीच्या डोक्यावर नारळाच्या शेंडीसारखं रान आहे. मी हसलो, आणि तिथून दोन दिवसांचा अबोला सुरू झाला. चटणी पाठवली, ती ठेवून घेतली, पण सही नाही. शेवटी निंगव्वा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर मागं सारला. "यप्पा मालक," ती म्हणाली, "तुमी इचारलं म्हणून माजे केस आले की. सही करा. माणसाच्या कामाला आलं, त्याची लाज कसली." नरसय्यानं भिंतीकडं तोंड करून सव्वीस सह्या केल्या. निंगव्वानं स्वतःच्या कानडीत केल्या, सावकाश, प्रत्येक अक्षर आधी हवेत काढून. शहाजीनं सही करण्याआधी कृपया पेन द्यावे म्हटलं.

राहिली एक ओळ. ती बाकीच्यांसारखी नव्हती. बोलून विचारलेली नव्हती, टाइप केलेली होती. तीन महिन्यांत बारा वेळा, दर वेळी दुपारी दोनच्या सुमारास, सगळे जेवायला गेलेले असताना. 'कानाने कमी ऐकू येणे घरगुती उपाय.' बोललेलीच नाही म्हटल्यावर मी तरी कानावरून कशी लावणार? चैतालीनं एकेकाला विचारलं. शहाजी म्हणाला, आमी कशाला लिवतोय, आमी वरडतो. निंगव्वाला टाइप येत नाही. नरसय्या म्हणाला, केसांवर सव्वीस सह्या केल्या, आता कान माझ्या गळ्यात घालू नका. मी म्हटलं, येणाराजाणारा कोणी गिऱ्हाईक असेल, सोडून दे. ती म्हणाली, सोडता येत नाही चाचा, एका ओळीसाठी सगळं जाईल. रविवार संध्याकाळपर्यंत ती ओळ तशीच कागदावर होती, पुढची जागा रिकामी.

पण सोमवारी ती जागा रिकामी नव्हती. सही कशी मिळाली ते लांबण लावत बसत नाही. सोमवारचं ऐका. नरसय्यानं अर्धा दिवस कारखाना बंद ठेवला (गल्लीत एवढी शांतता पसरली की कावळ्यांनाही चुकल्यासारखं झालं) आणि आम्ही नऊ जण विद्यापीठात मागच्या बाकांवर जाऊन बसलो. चैताली बोलली. अण्णा, काय बोलली. तिनं शहाजीचं कृपया सांगितलं, निंगव्वाचे केस सांगितले, टॅबनं शिकलेलं 'लई' सांगितलं, सगळं नावं न घेता. म्हणाली, यंत्राला एकच माणूस दिसला म्हणून त्यानं नऊ जणांचं ताट एकत्र वाढलं, आणि ही माणसं एकमेकांच्या ताटातलं खाऊन थोडी एकमेकांसारखी झाली. ही यंत्राची चूक आणि ह्या गल्लीची सवय, दोन्ही मिळून हे घडलं. एक कोणी चष्मेवाले तज्ज्ञ उठले आणि म्हणाले, हे सगळं ठीक, पण हा सतरा नंबर खरंच अस्तित्वात आहे याला पुरावा काय.

शहाजी उभा राहिला. "सायेब," तो म्हणाला, "आमी सतरा."

आणि आमच्या नऊ जणांचे हात वर. नावं गुप्त ठेवण्याचा कायदा तिथंच संपला. चष्मेवाले हसले, मॅडम हसल्या, सगळा हॉल हसला. जेवायच्या सुट्टीत तेच साहेब नरसय्याला कोपऱ्यात घेऊन कांद्याच्या रसाचं प्रमाण विचारत होते. प्रबंध मंजूर होऊन पुढं गेला. केसरबाईला सांगा, पेढे येऊ द्यात. चैतालीनं आभारात तुमचं नाव घातलं आहे, आणि खाली एक ओळ आहे: ज्यांच्या कानाशिवाय हा अभ्यास उभा राहिला नसता असे एक ज्येष्ठ कारागीर. नाव गुप्त आहे, पण सगळ्या गल्लीला माहीत आहे, आणि मी कोणाला विसरू देत नाही.

घरचे सगळे बरे आहेत. कमरुन्निसा सलाम सांगते आणि विचारते, मोडनिंबच्या जत्रेत यंदा कुस्त्या आहेत का. वहिनींना पुन्हा नमस्कार, लहानांना प्रेम. पत्राचं उत्तर लिहूनच पाठवा, घाई नाही.

तुमच्या अर्ध्या चहावर वाढलेला,
चांदसाब

ता. क. सोबत चैतालीच्या हाती एक डबा पाठवतो. शहाजीनं तुमच्यासाठी केक केला आहे. वरच्या बाजूनं खा. खालची बाजू कुकरची आहे.

ता. क. दुसरा. एक बारीकसं काम होतं, खरं तर पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तुमच्या कानाचं यंत्र ज्या डॉक्टरांनी बसवलं त्यांचं नाव आणि पत्ता लिहून पाठवा. ते कितपत टोचतं, आंघोळीला काढावं लागतं का, आणि शिट्टी वाजू नये म्हणून काय करायचं, तेही लिहा. इथं एका ओळखीच्याला पाहिजे आहे.

ता. क. तिसरा. अण्णा, वरचं वाचून तुम्ही हसला असाल, तर आता पुरं सांगतो. रविवारी संध्याकाळी चैताली माझ्या उजव्या बाजूला उभी राहून काहीतरी म्हणाली. मला कळलंच नाही. मग ती डाव्या बाजूला आली, कागद आणि पेन ठेवलं आणि चहा आणायला निघून गेली. ती उजवीकडून काय म्हणाली होती ते मला नंतर कमरुन्निसानं सांगितलं. म्हणाली होती, चाचा, आमच्या आजोबांनीपण चार वर्षं मान वळवूनच काढली. फोनवरच्या बाजरी आणि मोटारीच्या घोटाळ्यात अर्धा वाटा माझा होता. मागाच्या चौकटीवर हात ठेवतो ती स्टाइल नाही, बिघाड मला आता हातालाच कळतो. त्या चारशे अकरा ओळी मी बरोबर लावल्या हे खरं आहे, पण ती सगळी माणसं ओरडत होती. चारशे बाराव्या ओळीपुढं माझी सही आहे. उजव्या कानानं मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही.